राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेस खुले पत्र : रक्त कमी पडले तर उत्तर कोणी द्यायचे?

मा. अध्यक्ष व सदस्य,
राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद, नवी दिल्ली

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे काम बघतो. रक्तदान शिबिरे भरवणे हा त्या कामातलाच भाग. हे पत्र राज्याच्या परिषदेला न लिहिता थेट आपल्याला लिहितो आहे, कारण जे मागायचे आहे ते एकट्या राज्याच्या हातातले नाही.

मागणी आधीच सांगून टाकतो. देशाला एक राष्ट्रीय रक्तसेवा हवी आहे, आणि तिला पूर्णवेळ, जाब विचारता येईल असे नेतृत्व हवे आहे. आज आपल्याकडे परिषद आहे, मार्गदर्शक सूचना आहेत, परवाने आहेत, चार हजारांहून अधिक रक्तकेंद्रे आहेत. पण एखाद्या जिल्ह्यात ओ निगेटिव्हची एकही पिशवी उरली नाही, तर ती कुठूनही आणून देणे हे ज्याचे काम आहे, असा एकही माणूस या सगळ्या व्यवस्थेत सापडत नाही. ते काम शेवटी रुग्णाच्या नातेवाइकावर येते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे उदाहरण देतो. बायकोचे बाळंतपण तालुक्याच्या गावातच झाले, रक्तस्राव थांबेना. डॉक्टरांनी ‘दोन पीसीव्ही आणि दोन एफएफपी आणा’, म्हणजे तांबड्या पेशींच्या दोन आणि गोठवलेल्या प्लाझ्माच्या (रक्तातल्या द्रव भागाच्या) दोन पिशव्या, अशी चिठ्ठी दिली आणि तिच्या रक्ताच्या नमुन्याची नळी हातात ठेवली. रात्रीची वेळ, साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता, मागे बसलेल्या मेव्हण्याच्या हातात बर्फाचा डबा. शहरातल्या रक्तपेढीत पोहोचल्यावर पहिला प्रश्न आला, ‘बदली दाते आणलेत का?’ म्हणजे नेणार त्या पिशव्यांच्या बदल्यात रक्त देणारी माणसे. हा मुलगा आमच्या शिबिरांत नेमाने रक्त देणारा. त्याने पाकिटातून रक्तदात्याचे कार्ड काढून दाखवले. उत्तर मिळाले की हे कार्ड आमच्या पेढीचे नाही. मेव्हण्याने तिथेच रक्त दिले, मग रक्त जुळते का ते पाहणारे क्रॉसमॅच झाले, मग पिशव्या मिळाल्या. बाळ-बाळंतीण दोघेही सुखरूप आहेत. पण त्या मुलाने मला नंतर विचारले, ‘सर, मी रक्त दिले ते नेमके कोणाला दिले?’ त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते आपण द्यावे.

बदली दात्याची सक्ती करू नये, असे आपल्या सूचनांमध्ये आहे. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणातही बदली रक्तदान टप्प्याटप्प्याने संपवून शंभर टक्के ऐच्छिक रक्तदानापर्यंत जायचे, असे लिहिले आहे. तरीही हे घडते, आणि त्याचा दोष मी त्या रात्रीच्या टेक्निशियनला देणार नाही. त्याच्या फ्रीजमध्ये मोजक्या पिशव्या होत्या आणि सकाळी दोन शस्त्रक्रिया ठरलेल्या होत्या. त्याला मागून साठा येईल याची खात्री देणारे कोणी असते, तर तो तसे बोलला नसता.

महाराष्ट्रात रक्तदाते कमी आहेत असे कोणी म्हणू नये. वर्षाला वीस लाखांच्या आसपास पिशव्या जमवणारे हे राज्य आहे. मुंबईत १९५० च्या दशकात लीला मूळगावकरांनी ऐच्छिक रक्तदानाची चळवळ सुरू केली, तेव्हा पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवरच रुग्णालये चालत होती. तिथपासून आज गावोगावच्या तरुण मंडळांपर्यंत आपण आलो. शिवजयंतीला, आंबेडकर जयंतीला, गणेशोत्सवात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला शिबिर असतेच. आणि तरीही दर एप्रिल-मेमध्ये, दिवाळीनंतर, वर्तमानपत्रात तीच बातमी येते : रक्ताचा तुटवडा, दात्यांनी पुढे यावे. मग माझ्यासारख्यांचे फोन सुरू होतात. कॉलेजला सुट्टी, मुले गावी गेलेली, ऊन बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर. त्या दिवसांत मी कोणाला गोळा करू?

या प्रश्नाचा गाभा शिबिरांच्या वेळापत्रकात आहे, आणि त्याकडे वरून कोणी बघत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तांबड्या पेशी साध्या पिशवीत ३५ दिवस टिकतात, विशेष द्रावण घातले तर ४२ दिवस. रक्तस्राव थांबवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट जेमतेम ५ दिवस, त्याही २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. म्हणजे रक्त ही साठवून ठेवायची चीज फारशी नाहीच. ते रोज थोडे थोडे येत राहायला हवे. आपल्याकडे मात्र ते लाटेसारखे येते. एका नेत्याच्या वाढदिवसाला एका दिवसात हजारो पिशव्या, वर विक्रमाचा फलक. त्या दिवशी जिल्ह्यातल्या आणि जिल्ह्याबाहेरच्या सगळ्या पेढ्यांच्या गाड्या तिथे. सहाव्या दिवशी त्या शिबिराची एकही प्लेटलेट वापरता येत नाही, महिना-दीड महिन्याने तांबड्या पेशीही संपतात. आणि त्या दिवशी रक्त दिलेला तरुण पुढचे ९० दिवस देऊ शकत नाही. नेमकी त्याच काळात डेंग्यूची साथ आली, तर प्लेटलेटसाठी धावायचे कोणी?

मोठी शिबिरे बंद करा, असे मी म्हणत नाही. तो लोकांचा उत्साह आहे आणि उत्साहाला नावे ठेवून काही मिळत नाही. पण त्या संयोजकाला कोणीतरी आदराने सांगायला हवे की, साहेब, या तारखेला दोनशेच पिशव्या पुरेत, उरलेल्या दात्यांची यादी आम्हाला द्या, त्यांना आम्ही मे महिन्यात बोलावतो. हे कोण सांगणार? रक्तपेढीचा पीआरओ, म्हणजे जनसंपर्क अधिकारी, सांगणार नाही. त्याला पिशव्यांचा आकडा गाठायचा असतो आणि तो नाही आला तर दुसऱ्या पेढीचा येईल, ही भीती असते. शिबिर मिळवण्यासाठी पेढ्यांमध्ये चढाओढ आहे. दात्याला हेल्मेट, टिफिन, बॅग असे काहीबाही दिले जाते, संयोजकाला वेगळे. मलाही ‘सर, या वेळी मुलांना काय देऊ?’ असे विचारले जाते. मी चहा, बिस्किटे आणि केळी इतकेच सांगतो. पण शेजारच्या गावात भेटवस्तू मिळते हे मुलांना माहीत असते. वस्तूसाठी रांगेत उभा राहिलेला मुलगा फॉर्मवरच्या प्रश्नांची खरी उत्तरे देईल का, हा प्रश्न रक्ताच्या सुरक्षिततेचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पैसे घेऊन रक्त देणे १ जानेवारी १९९८ पासून देशात बंद झाले. त्याच्यामागे हेच कारण होते.

तो आदेश आपल्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, कारण आपली परिषद त्यातूनच जन्मली. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल लागला. राष्ट्रीय आणि राज्य परिषदा स्थापन करा, विनापरवाना रक्तपेढ्या बंद करा, पैशांसाठी रक्त देणे दोन वर्षांत संपवा, असे न्यायालयाने सांगितले. ते झाले आणि त्याने असंख्य जीव वाचले, हे मनापासून मान्य करतो. त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती : रक्ताचे संकलन, प्रक्रिया, साठवण, वितरण आणि वाहतूक यांसाठी स्वतंत्र कायदा करण्याचा केंद्र सरकारने विचार करावा. त्याला आता तीसेक वर्षे झाली. रक्ताचा कारभार अजूनही १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालीच चालतो. कायद्याच्या लेखी रक्त हे औषध. त्यामुळे तपासनीस फ्रीजचे तापमान पाहतो, नोंदवह्या पाहतो, मनुष्यबळ पाहतो. ते पाहायलाच हवे. पण त्या फ्रीजमध्ये रक्त पुरेसे आहे का, हे पाहणे त्या कायद्याने कोणावरच सोपवलेले नाही.

परवाना अन्न व औषध प्रशासन आणि केंद्रीय औषध नियंत्रक देणार, धोरण आपण ठरवणार, अंमल राज्य परिषद बघणार, पेढी कधी सरकारी रुग्णालयाची, कधी रेडक्रॉसची, कधी धर्मादाय संस्थेची, कधी खासगी रुग्णालयाची. प्रत्येक जण आपले काम करतो, आणि मधली जागा रिकामी राहते. रक्त सुरक्षितता कितीतरी वर्षे एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमाचा एक भाग म्हणून चालली. एचआयव्हीच्या धास्तीतून ही व्यवस्था उभी राहिली, त्यामुळे तपासणीवर भर आला आणि पुरवठा मागे पडला. आपल्या परिषदेवरचे अधिकारी कर्तबगार असतील यात शंका नाही, पण त्यांच्या टेबलावर दुसरी दहा कामे असतात आणि बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आपण ठरवले तर देशभर परिणाम होतो, हे आम्ही २०२१ मध्ये अनुभवले. मार्चमध्ये आपण सांगितले की कोविड लशीच्या शेवटच्या मात्रेनंतर २८ दिवस रक्त देता येणार नाही. खबरदारी म्हणून ते योग्यच असेल. पण तरुणांचे लसीकरण सुरू होण्याच्या तोंडावर शिबिर संयोजकांची झोप उडाली. ‘आधी रक्त द्या, मग लस घ्या’ असे मंडळे आणि संस्था आपापल्या परीने सांगत फिरल्या. मे महिन्यात आपण ती मुदत १४ दिवसांवर आणली. माझे म्हणणे एवढेच की तसा निर्णय घेताना कोणत्या राज्यात किती दिवसांचा साठा आहे, तो कुठे हलवावा लागेल, हे समोर ठेवून बोलणारी एक यंत्रणा हवी होती.

अशी यंत्रणा कशी असते, ते शेजारीच पाहता येईल. श्रीलंकेत आरोग्य मंत्रालयाखाली एकच राष्ट्रीय रक्तसेवा आहे. कोलंबोच्या नारहेनपिटा भागात मध्यवर्ती केंद्र, आणि शंभराच्या आसपास रुग्णालयांतल्या पेढ्या त्याला जोडलेल्या. दाता कुठेही रक्त देवो, तो त्या एकाच सेवेचा दाता असतो. २०१४ मध्ये त्या देशाने शंभर टक्के ऐच्छिक रक्तदान गाठले. तो देश लहान आहे, हे खरे. पण महाराष्ट्राचा एखादा महसूल विभाग तर तेवढ्या आवाक्यातला आहे. पुणे विभागासाठी एक मोठे केंद्र, तिथे सगळ्या तपासण्या आणि घटक वेगळे करण्याची सोय, आणि जिल्हा-तालुक्यांना तिथून ठरलेल्या दिवशी गाडी, हे अशक्य का असावे?

इंग्लंडच्या रक्तसेवेचीही एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांनी इतिहासात पहिल्यांदा ‘अंबर अलर्ट’ दिला, म्हणजे देशाचा साठा दोन दिवसांच्या खाली जाईल अशी धोक्याची सूचना. रुग्णालयांना सांगितले की तातडी नसलेल्या शस्त्रक्रिया थोड्या थांबवा, दात्यांना सांगितले की अमुक गटाचे लोक या. आपण कमी पडतो आहोत हे एका संस्थेने देशाला उघड सांगितले, आणि काय करायचे तेही सांगितले. आपल्याकडे ‘तुटवडा’ ही बातमी कोणीतरी वार्ताहर चार पेढ्यांना फोन करून देतो.

एक मोठी संस्था उभी केली की सगळे सुटते, अशी माझी भाबडी समजूत नाही. त्याच ब्रिटनमध्ये १९७० आणि ८० च्या दशकांत दूषित रक्त आणि रक्तघटकांमुळे तीस हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही आणि काविळीची लागण झाली. चौकशी आयोगाचा अहवाल यायला मे २०२४ उजाडला, आणि धोक्याची कल्पना असूनही माहिती दडवली गेली, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून मी नेतृत्वासोबत उत्तरदायित्व मागतो आहे. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडच्या चाईबासा येथे थॅलेसेमियाच्या मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. ज्या मुलांना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागते, त्यांच्या आईबापांना दर वेळी ही भीती उराशी धरून बसावे लागते. लागण लवकर ओळखणारी नॅट तपासणी अजून देशभर सक्तीची नाही. प्रत्येक छोट्या पेढीला ती परवडणार नाही हेही खरे. पण विभागाची तपासणी एका केंद्रात झाली तर तो खर्च वाटला जातो. तपासणी मध्यवर्ती करण्याचा याहून भक्कम मुद्दा मला तरी माहीत नाही.

आता एक अशी गोष्ट, जी दिल्लीत बसून दिसणार नाही. आमच्या शिबिरात मुली मुलांच्या आधी रांगेत येतात. टेक्निशियन बोटाला टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतो. थेंब झटकन बुडाला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, तरंगत राहिला तर कमी. एकामागून एक मुलींचे थेंब वरच राहतात. त्यांना सांगितले जाते, ‘तुमचे चालणार नाही, पालेभाज्या खा.’ खाली मान घालून त्या बाहेर जातात, आणि पुढच्या वर्षी रांगेत दिसत नाहीत. कुठल्याही वहीत त्यांचे नाव राहत नाही. राष्ट्रीय रक्तसेवा असती तर तीच नोंद प्राथमिक आरोग्य केंद्राला गेली असती, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या, सहा महिन्यांनी ‘आता या’ असा निरोप आला असता. चार-पाच वर्षांत त्याच मुली आई होणार आहेत, आणि त्यातल्या काहींना रक्त लागणार आहे. रक्तसेवेचे काम पिशवी भरण्याच्या कितीतरी आधी सुरू होते ते असे.

मुलांचेही तेच. रक्त दिले, प्रमाणपत्र मिळाले, फोटो काढला, संपले. तपासणीत काही आढळले तर दात्याला बोलावून समुपदेशन व्हायला हवे असा नियम आहे. पण बाहेरच्या जिल्ह्यातून आलेली पेढी त्याच संध्याकाळी निघून जाते आणि दात्याला तिचे नावही आठवत नाही. नेमाने रक्त देणारा दाता हाच सर्वांत सुरक्षित दाता, हे आपल्याच प्रशिक्षणांत शिकवतात. मग त्याला सांभाळायचे काम कोणाचे?

तंत्रज्ञान नाही अशीही सबब उरलेली नाही. पेढ्यांमधला रक्तसाठा ऑनलाइन दाखवणारी ई-रक्तकोष ही सरकारी प्रणाली एप्रिल २०१६ पासून आहे. पण त्यात दिसणारा साठा आणि पेढीत प्रत्यक्ष असलेला साठा यांचा मेळ बसेलच याची खात्री नसल्याने, लोक आजही व्हॉट्सॲपवर ‘तातडीने बी निगेटिव्ह हवे’ असे संदेश फिरवतात, आणि रुग्ण घरी गेल्यावरही ते महिनोन् महिने फिरत राहतात. महाराष्ट्राने २०१४ मध्ये १०४ क्रमांकावर फोन केला की रक्त रुग्णालयात पोहोचवायची योजना सुरू केली होती. सातारा आणि सिंधुदुर्गात ती आधी आजमावून पाहिली होती. २०२२ मध्ये ती बंद झाली. खर्च, प्रतिसाद, जी काही कारणे असतील ती असोत. माझा मुद्दा असा की एक राज्य काही वर्षे असा प्रयोग करते, तो का चालला आणि का थांबला याचा अभ्यास देशाच्या पातळीवर जपून ठेवून पुढच्या राज्याला देणारे कोणी नसते.

प्लाझ्माबद्दल थोडक्यात लिहितो. पेढ्यांकडे उरलेला प्लाझ्मा औषध कंपन्यांना देण्यासाठी लिटरला १,६०० रुपये हा दर २०१५ मध्ये ठरवला गेला. त्याच प्लाझ्मातून अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांना लागणारा फॅक्टर आठ अशी औषधे तयार होतात, आणि ती रुग्णाला अनेकदा बाजारभावाने घ्यावी लागतात. दात्याने हे सगळे फुकट दिलेले असते. चार महानगरांत मोठी रक्तकेंद्रे आणि चेन्नईत सरकारी प्लाझ्मा प्रकल्प असा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा एक आराखडा होता. त्याचे पुढे काय झाले, हे परिषदेने दात्यांना एकदा जाहीरपणे सांगावे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. १९९६ च्या निकालाने सुचवलेला स्वतंत्र कायदा आता आणावा आणि त्यात पुरेसा, सुरक्षित साठा ठेवण्याची जबाबदारी नाव घेऊन कोणावर तरी टाकावी. परिषदेला पूर्णवेळ प्रमुख द्यावा, रक्त संक्रमण शास्त्रात हयात घालवलेला, किमान पाच वर्षांच्या मुदतीचा. त्याने दर महिन्याला राज्यवार, गटवार साठा दिवसांच्या हिशेबात जाहीर करावा. रक्त आणण्याचे काम रुग्णालयाचे असावे, नातेवाइकाच्या हाती नमुन्याची नळी देणे बंद व्हावे. दात्याचा क्रमांक देशभर एकच असावा आणि तो कुठल्याही पेढीत मान्य व्हावा. आणि सुरुवात छोटी करायची असेल तर एका विभागापासून करा. गडचिरोली, नंदुरबारसारखे जिल्हे ज्या विभागांत येतात तिथून करा, कारण सिकलसेलचे रुग्ण आणि अडलेल्या बाळंतिणी तिथे सर्वांत लांबून रक्ताची वाट पाहत असतात.

पुरेसे पैसे नाहीत, असे उत्तर येईल. खासगी आणि धर्मादाय पेढ्यांना एका पिशवीमागे १,५५० रुपयांपर्यंत प्रक्रिया शुल्क घ्यायची मुभा आपणच दिली आहे. हा पैसा आजही रुग्णच देतो आहे. तो चार हजार ठिकाणी वेगवेगळ्या तपासणी यंत्रांवर खर्च होण्याऐवजी विभागीय केंद्रांवर झाला तर काय वाचेल, याचा हिशेब आपल्याकडचे तज्ज्ञ सहज मांडू शकतील.

१ ऑक्टोबरला आपण रक्त संक्रमण शास्त्रातले ज्येष्ठ तज्ज्ञ डॉ. जय गोपाल जॉली यांच्या जन्मदिनी राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन साजरा कराल. शपथ होईल, शतकवीर दात्यांचा सत्कार होईल, तो व्हायलाच हवा. त्या दिवशी यातल्या निदान एका मागणीवर तारखेसह उत्तर द्यावे, ही विनंती.

आमच्याकडून जे होईल ते आम्ही करू. आमच्या तालुक्यात कॉलेजची, तरुण मंडळांची आणि साखर कारखान्याची मिळून जी शिबिरे होतात, त्यांचे संयोजक एकमेकांना ओळखतात. आमच्या तारखा हलवायला आम्ही तयार आहोत. वर्षातल्या कोणत्या आठवड्यात, कोणत्या गटाच्या किती पिशव्या हव्यात, एवढे आम्हाला आधी कळवा. मे महिन्यात मुले गावी असतात, पण पहाटे सहाला शिबिर लावले तर गावातले शेतकरी, शिक्षक, दुकानदार येतील. मी त्यांना विचारले आहे.

आपला विश्वासू,
एक शिबिर संयोजक,
सोलापूर जिल्हा